बोलीवाल्याची पाच मिनिटं

इरास्टस बेल्डिंग बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा. सेबल माउथ गावात लिलाव म्हटला की तोच. म्हातारी गाय असो, मोडका नांगर असो, नाहीतर एखाद्या विधवेच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ असो, तो लाकडी खोक्यावर चढायचा, टोपी मागे सरकवायचा आणि त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की गडी श्वास कधी घेतो हेच कळायचं नाही. लोक त्याला बोलीवाला म्हणत. नुसती गंमत बघायला आलेले संध्याकाळी हातात एखादी गळकी किटली घेऊन घरी जात आणि बायकोची बोलणी खात.

असा हा माणूस एकदा भर लिलावात गप्प झाला. त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती तिथे.

सन १८४९चा नोव्हेंबर. मिशिगन सरोवराच्या काठाला हा महिना कुणालाच आवडत नाही. सेबल माउथला नदी सरोवराला मिळते, पण मुखाशीच वाळूचा दांडा आडवा पसरलेला. हवा शांत असली की गलबतं बाहेर नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांनी आत येई. वादळ सुटलं की मात्र पंचाईत. बाहेर थांबता येत नाही, आत शिरता येत नाही. त्या दुपारी ‘कोरिना’ हे गलबत मिलवॉकीहून पीठ, मीठ आणि कापड भरून आलं आणि दांड्यावर जाऊन बसलं. सगळं गाव वाळूत येऊन उभं राहिलं. गलबत इतकं जवळ होतं की वारा पडला की माणसांचं बोलणं ऐकू यायचं.

‘कोरिना’वर लेव्ही होता, इरास्टसच्या बायकोचा, थर्झाचा, धाकटा भाऊ. दोरखंडाला धरून उभा होता. बहीण दिसली तसा तो ओरडला, “थर्झे, आज जेवायला काय केलंयस?”

थर्झा पदर घालावा तशी शाल डोक्यावर घट्ट धरून उभी होती. तिनं ओरडून सांगितलं, “बीन्स आणि डुकराचं मांस.”

“परत तेच? मग मी जरा थांबूनच येतो.”

वाळूत उभे असलेले लोक हसले. खरंच हसले. गावातल्या पाच जणांनी होडी लोटली, ती उलटली, माणसं कशीबशी परत आली. पुन्हा लोटली, पुन्हा तेच. मग मोठी डोलकाठी पडली आणि त्यानंतर गलबतावरून कुणाचा आवाज आला नाही.

पुढच्या आठवड्यात वाहून आलेल्या मालाचा लिलाव झाला. विमा कंपनीचा वकील म्हणून जज्ज कॉर्नेलियस व्हॅन ऑल्स्टाइन खुर्ची टाकून बसले होते. जज्जसाहेब म्हणजे पूर्वीचे न्यायाधीश, गावातली बडी असामी. उंच, पांढऱ्या शुभ्र गलमिशा, आणि बोलताना मध्येच लॅटिन. इरास्टसनं पिठाची पिंपं विकली, भिजलेलं कापड विकलं. मग एक जाड लोकरीचा कोट त्याच्या हाताशी आला. तो उचलून त्यानं पुकाराही सुरू केला, “चांगला उबदार कोट, थोडा ओला आहे पण सरोवराला कोण दोष देणार, एकवार…” आणि त्याची नजर बटणावर गेली. सगळी बटणं काळी, एक तपकिरी. ते थर्झानं लावलेलं होतं. लावताना ती कुरकुरली होती ते इरास्टसनं ऐकलं होतं.

तो थांबला. गर्दीला आधी वाटलं, ही काहीतरी नवी गंमत असेल.

“हा विकायचा नाही,” तो म्हणाला.

“बेल्डिंग, तो विमेवाल्यांचा माल आहे,” जज्जसाहेब म्हणाले. “पुकार पुढे.”

“तुम्ही पुकारा जज्जसाहेब. तो दांडा तिथे आहे तोवर मी दर हिवाळ्यात हेच विकत बसायचं का? वाळूतून लाकूड-दगडांचे दोन धक्के पाण्यात बाहेर काढले, मधून खोल वाट केली, तर एकही गलबत बाहेर थांबणार नाही. एवढं सगळ्यांना माहीत आहे.”

जज्जसाहेब वाईट माणूस नव्हते, पण गर्दीपुढे उलट बोललेलं त्यांना खपत नसे. “मग जा वॉशिंग्टनला,” ते म्हणाले, “आणि काँग्रेसला सांग धक्के बांधायला. तोंड तर देवानं तुला दिलेलंच आहे.”

लोक हसले. इरास्टस खोक्यावरून उतरला, कोट काखेत मारला आणि घरी गेला. कोटाचे पैसे जज्जसाहेबांनी स्वतःच्या खिशातून भरले, हेही सांगायला हवं.

थर्झानं कोट चुलीपाशी वाळत घातला. तपकिरी बटण बोटानं पुसलं. मग म्हणाली, “जज्ज चेष्टेनं बोलले असतील. मी ते खरं धरलंय.”

“अगं, मी गाई विकणारा माणूस.”

“तिथे तरी दुसरं काय करतात? जा. म्हशीसारखा बसू नकोस. कामाचं मी बघते.”

पुढच्या साली निवडणूक होती. व्हिग पक्षाला त्या भागात उमेदवारच मिळत नव्हता, कारण समोर डेमोक्रॅटांनी जज्जसाहेबांना उभं केलं होतं आणि त्यांच्यासमोर आपटी खायला कोण तयार होणार? इरास्टस तयार झाला. पक्षाच्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती त्याला विसरून गेली.

त्या वर्षीची शरद ऋतूतली धामधूम सेबल माउथची माणसं पुढे कितीतरी वर्षं आठवत. दोघं उमेदवार एकाच बग्गीतून फिरायचे, कारण त्या रस्त्यांवर दुसरी बग्गी टिकलीच नसती. लाकडाच्या वखारीत, चर्चच्या अंगणात, जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावणीत, जिथे वीस माणसं भेटतील तिथे दोघं आळीपाळीनं बोलायचे. पहिल्या सभेत जज्जसाहेब दीड तास बोलले. सीझर झाला, सिसेरो झाला. इरास्टस उठला, टोपी मागे सरकवली.

“मंडळी, माझ्याकडे आज एक भाषण विक्रीला आहे. लांबीला भरपूर, रुंदीला कमी. मधले कप्पे परदेशी मालानं भरलेत, ते काय आहे हे मालकालाही नक्की ठाऊक नाही. रात्री झोप न येणाऱ्याला फार उपयोगी. कोण बोली लावतंय?”

एका लाकूडतोड्यानं मागून आवाज दिला, “एक कच्चा बटाटा.”

“एक बटाटा आला. दोन? जज्जसाहेब, तुम्ही स्वतः वाढवणार का?”

छावणी हसून लोळली. पण जज्जसाहेबही काही लेचेपेचे नव्हते. हसू ओसरेपर्यंत ते शांत उभे राहिले आणि म्हणाले, “बेल्डिंगला जरूर मतं द्या. तो ती वॉशिंग्टनला घेऊन जाईल, खोक्यावर चढेल आणि जो जास्त बोली देईल त्याला विकून येईल. सवयच आहे त्याची.”

हे मात्र इरास्टसला झोंबलं. परतीच्या वाटेवर बग्गीत जज्जसाहेबांनी त्याला आपल्या डब्यातला ॲपल पायचा तुकडा दिला. “लागलं का रे?”

“लागलं.”

“लागावं म्हणूनच टोला मारला होता. खा. पीठ चांगलं मळलंय हिनं.”

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव खाणावळीत जमलं. घोडेस्वार येत होते, एकेका वस्तीचे आकडे सांगत होते. जज्ज पुढे, इरास्टस पुढे, पुन्हा जज्ज पुढे. सिगारच्या धुरात माणूस दिसेना. शेवटी एकच छावणी उरली, सर्वांत आतली. तिथला माणूस दुपारी चिखलानं माखून आला, आधी बियर मागितली, ती पूर्ण प्यायला, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना मिशी पुसून म्हणाला, “आमच्याकडे सगळी मतं बोलीवाल्याला. एक सोडून. तो एक कोण ते आम्ही शोधतोय.”

खाणावळीचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. इरास्टसला खांद्यावर घेऊन लोक थेट वाळूपर्यंत गेले आणि तिथे त्याला खाली ठेवून सगळे एकदम गप्प झाले, कारण समोर तो दांडा होता आणि त्यावर लाटा फुटत होत्या.

काँग्रेसची बैठक भरायची ती वर्षभरानं, पुढच्या डिसेंबरात. बोट, आगगाडी, पुन्हा बोट, पुन्हा आगगाडी असं करत इरास्टस वॉशिंग्टनला पोचला. भर रस्त्यावर डुकरं हिंडत होती ते बघून त्याला घरच्यासारखं वाटलं. एका विधवाबाईंच्या खाणावळीत त्यानं खोली घेतली. तिथे आणखी सहा-सात प्रतिनिधी राहत. जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारी व्हर्जिनियाचे कर्नल ड्युवॉल बसत. देखणा, दिलदार, गोष्टीवेल्हाळ माणूस. कालवांचं ताट आलं की कर्नलसाहेब आधी इरास्टसच्या पुढे सरकवत. “मिस्टर बेल्डिंग, तो बटाट्याचा लिलाव पुन्हा एकदा होऊ द्या.” आणि सगळं टेबल पोट धरून हसे.

सभागृहात जागा चिठ्ठ्या टाकून मिळायच्या. इरास्टसला मिळाली सगळ्यांत मागची, जाड खांबाच्या आड. ती भव्य गोल घुमटाची खोली बघून त्याचे डोळे दिपले. मग कुणीतरी बोलायला उभं राहिलं आणि त्याला काही म्हणजे काही कळेना. तो घुमट आवाज गिळायचा आणि भलत्याच कोपऱ्यातून परत फेकायचा. बोलणारा पुढे जाई आणि त्याचं मागचं वाक्य उलट येऊन त्यालाच आपटे. प्रतिनिधी पेपर वाचत, पत्रं लिहीत, डुलक्या काढत. ऐकायचा प्रयत्न त्यांनी कधीच सोडून दिला होता.

फेब्रुवारीत इरास्टसला बोलायची पहिली संधी मिळाली. त्यानं आपल्या नेहमीच्या वेगात सुरुवात केली आणि काही क्षणांत घुमटाखाली असा गलका उठला की जणू पन्नास इरास्टस एकमेकांशी भांडत होते. कुणीतरी ओरडलं, “सद्गृहस्थ कोणत्या भाषेत बोलतायत?” हशा पिकला. तो खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्यासोबत हसले नव्हते, त्याला हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर जाऊन रिकाम्या सभागृहात उगाच फिरत राहिला. पार पलीकडे दोन झाडूवाले काम करत होते. एका जागी तो थांबला आणि त्याला कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं, “कालचा तो मिशिगनवाला पाहिलास? माझी सासू चिडली की अस्सं बोलते.” इरास्टस चमकला. एक पाऊल पुढे टाकलं, आवाज गेला. एक पाऊल मागे घेतलं, आवाज आला. फरशीवरची ती जागा त्यानं नीट बघून ठेवली. मग तिथूनच तो हळूच म्हणाला, “तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.” दोघा झाडूवाल्यांचे झाडू हातातून पडले.

त्यानंतर रोज सकाळी तो तिथे उभा राहून बोलायचा सराव करू लागला. एक वाक्य टाकायचं आणि थांबायचं. प्रतिध्वनी फिरून येऊन विरेपर्यंत थांबायचं. मग दुसरं टाकायचं. बोली येईपर्यंत थांबायची सवय त्याला होतीच, फक्त इतकं लांब थांबायची नव्हती.

दरम्यान कर्नल ड्युवॉलनी त्याच्या धक्क्यांचा विषय मनावर घेतला होता. “बंदरांचं बिल उन्हाळ्यात येईल,” ते म्हणाले. “त्यात तुमचं गाव घालायची दुरुस्ती मांडा. माझे पाच मित्र आणि मी, सहा मतं तुमची. मिस्टर बेल्डिंग, असा शेजारी मला पुन्हा मिळायचा नाही.” इरास्टसनं त्या दिवशी थर्झाला लिहिलेल्या पत्रात कर्नलचं इतकं कौतुक केलं की पानं संपली.

मार्चमध्ये कर्नल त्याला नदीपलीकडे अलेक्झांड्रियाला घोडे दाखवायला घेऊन गेले. घोडे पाहून झाल्यावर ते एका उंच भिंतीच्या आवारापाशी आले. आतून आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकताच इरास्टसची पावलं जलद पडली, कारण तो त्याच्याच धंद्याचा आवाज होता. तोच ताल, तीच चढण, तेच “एकवार, दोनवार”. तो आत गेला.

खोक्यावर एक बाई उभी होती. करड्या रंगाचा स्वच्छ झगा, हात समोर जुळवलेले. पुकारणारा माणूस चांगला होता, धंद्यात मुरलेला. “ही हॅना. शिवणकाम येतं, स्वैपाक येतो, दात बघून घ्या, तिचे माझ्यापेक्षा बरे आहेत.” लोक हसले. हीच गंमत इरास्टस गाई विकताना करायचा. शब्दन् शब्द हाच.

“माझं नाव सुझॅना आहे,” ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही, खाली पाहिलं नाही.

पुकारणारा क्षणभरही थांबला नाही. “सुझॅना तर सुझॅना. बोली बोला.”

कर्नलनी इरास्टसच्या पाठीवर थाप मारली. “तुम्ही याच्यापेक्षा सरस आहात. पुढचा एक पुकारून दाखवा, मी त्याला सांगतो.”

ते खरोखरच कौतुकानं म्हणत होते. इरास्टसनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण तीन महिने ज्याच्या ताटातली कालवं खाल्ली त्या माणसाला आपण ओळखतच नव्हतो. तो आवारातून बाहेर पडला. परतीच्या होडीत कर्नल विचारत राहिले, “बरं वाटत नाही का?” तो म्हणाला, “नाही. बरं वाटत नाही.” आणि पाण्याकडे बघत बसला.

एप्रिलमध्ये सभागृहात एक ठराव आला. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचा जो कायदा दीड वर्षापूर्वी झाला होता, तो आता कायमचा समजावा, त्यावर कुणी पुन्हा तोंड उघडू नये, असा. आदल्या संध्याकाळी कर्नल त्याच्या खोलीवर आले.

“होय म्हणा,” ते म्हणाले. “ते जमत नसेल तर येऊच नका. ताप आलाय म्हणून पडून राहा. तुमचं गाव लांब आहे, कोण विचारतंय? धक्के मात्र तुम्हाला हवेत ना?”

“हवेत.”

“मग झालं तर.”

त्या रात्री इरास्टसच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दोरखंड धरून जेवणाची चौकशी करणारा लेव्ही त्याला दिसत होता, आणि तो गेला तर गेला, पण पुढच्या नोव्हेंबरात दुसरा कुणीतरी तिथे उभा असणार हेही दिसत होतं. आणि खोक्यावरची ती बाई दिसत होती. छावणीतलं जज्जसाहेबांचं वाक्य त्याच्या डोक्यात घण घालत होतं. सकाळी त्यानं दाढी केली, स्वच्छ कॉलर चढवली आणि सभागृहात गेला. नावं पुकारली जात होती. मिशिगनची पाळी आली.

“बेल्डिंग.”

“नाही,” तो म्हणाला, आणि तो शब्द घुमटात फिरून दोनदा ऐकू आला.

ठराव मंजूर झालाच. त्याच्या एका मतानं काही अडलं नाही. संध्याकाळी खाणावळीत कर्नलनी आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. कालवांचं ताट पुन्हा त्याच्याकडे आलं नाही, आणि ती सहा मतंही गेली.

ऑगस्ट उजाडला. वॉशिंग्टनचा उकाडा असा की शाई दौतीत आटायची. बंदरांचं बिल अखेर आलं. त्यात मोठमोठ्या शहरांची नावं होती, सेबल माउथ नव्हतं. दुरुस्ती मांडायची तर नियम ठरलेला, मांडणाऱ्याला पाच मिनिटं. इरास्टसनं तासाभराचं भाषण पाठ केलेलं होतं, ते त्यानं खिशात तसंच ठेवलं. खांबाआडच्या आपल्या जागेवरून तो उठला आणि चालत येऊन फरशीवरच्या त्या ठिकाणी उभा राहिला.

“मिशिगनचे सद्गृहस्थ आपल्या जागेवरून बोलतील का?” पीठासीन अध्यक्षांनी विचारलं.

“माझ्या जागेवरून मला तुम्ही दिसत नाही, साहेब. खांब दिसतो.”

थोडं हसू झालं. अध्यक्षांनी हातानंच ‘बोला’ अशी खूण केली.

इरास्टसनं पहिलं वाक्य टाकलं. “आमच्या गावापुढे एक वाळूचा दांडा आहे.” आणि तो थांबला. आवाज घुमटात गेला, फिरला, विरला. पेपर वाचणाऱ्या एकानं मान वर केली. लिलाववाला गप्प उभा आहे म्हणजे काय झालं?

“त्यावर माझ्या बायकोचा भाऊ मेला.” पुन्हा थांबला. “आम्ही सगळे वाळूत उभे होतो. तो इतका जवळ होता की त्यानं बहिणीला विचारलं, जेवायला काय आहे. तिनं सांगितलं.” आता लेखण्या थांबल्या होत्या. “त्या वर्षी आमच्या गावापुढे तीन गलबतं बुडाली. त्यांच्यात तुमच्या राज्यांचा माल होता. पेनसिल्व्हेनियाचं लोखंड होतं. न्यू यॉर्कचं मीठ होतं. माणसं कुठकुठची होती, मला सगळी माहीत नाहीत.”

कुणीतरी खोकलं, तेसुद्धा मोठ्यानं ऐकू आलं.

“त्या दिवशी आम्हाला सगळं ऐकू येत होतं आणि करता काही येत नव्हतं. तुम्हाला करता येतं. तुम्हाला फक्त ऐकू येत नाही.”

सभागृहभर एक विलक्षण हशा उसळला. जो तो घुमटाकडे बोट दाखवत होता आणि शेजाऱ्याला म्हणत होता, ऐकलंस का, अरे, ऐकू आलं. इरास्टसनं मग दोन धक्के कसे बांधायचे, किती लांब, लाकूड कुठलं, दगड कुठला, ते सांगितलं आणि हातोडी पडायच्या आत खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे वेळ उरला होता.

मतं मोजायची तेव्हाची रीत अशी, की दोन मोजणारे समोरासमोर उभे राहत आणि बाजूचे लोक त्यांच्यामधून एकेक करून पुढे जात. बाजूचे गेले. सरोवराकाठचे सगळे, न्यू यॉर्कचे बरेच. मग विरोधाचे गेले. कर्नल ड्युवॉल आणि त्यांचे पाच मित्र रांगेत एकामागे एक होते. जाताना कर्नलनी इरास्टसकडे पाहिलंही नाही. मोजणाऱ्यांनी डोकी जवळ आणली. कुजबूज झाली, बरोबरी, बरोबरी. बरोबरी म्हणजे दुरुस्ती पडली.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला एक खुर्ची करकरली. पेनसिल्व्हेनियाचे योस्ट हुन्सिकर उठत होते. डेमोक्रॅट, थकलेले शेतकरी, कानानं जवळजवळ ठार बहिरे. त्यांना मत द्यायला शेजाऱ्याला ढोसून उठवावं लागे, आणि आज शेजारी गैरहजर होता. काठी टेकत ते सगळं सभागृह ओलांडून आले. किती हळू येत होते ते. दोन्ही बाजूंचे लोक जागच्या जागी उभे राहिले होते. अध्यक्षांनी विचारलं, “पेनसिल्व्हेनियाच्या सद्गृहस्थांना प्रश्न कळलाय का?”

“काय?” हुन्सिकर म्हणाले.

कुणीतरी त्यांच्या कानाशी ओरडलं, “प्रश्न कळला का?”

“सात वर्षं बसतोय इथे,” म्हातारेबुवा म्हणाले. “पहिल्यांदा काहीतरी कळलं. त्या मुलीनं त्याला जेवायला काय आहे ते सांगितलं. मी बाजूनं.” आणि ते दोन मोजणाऱ्यांच्या मधून पलीकडे गेले.

सेबल माउथ एका मतानं बिलात आलं. महिनाअखेर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. इरास्टसनं हुन्सिकरांना गाठून त्यांचा हात इतक्या जोरानं हलवला की त्यांची काठी पडली.

तुम्हाला वाटेल, आता गावानं त्याला डोक्यावर घेतलं असेल. घेतलं, साधारण पंधरा दिवस. मग पुन्हा निवडणूक आली, पुन्हा तीच बग्गी, पुन्हा समोर जज्जसाहेब. या खेपेस जज्जसाहेबांनी लॅटिन घरी ठेवलं होतं. एप्रिलच्या त्या मताचा त्यांनी असा काही समाचार घेतला, की देशात शांतता असताना हा गडी मधमाश्यांच्या पोळ्यात काठी घालून आला. छावणीत कुणीतरी विचारलं, “खरं का रे, बोलीवाल्या? सहा मतं पक्की होती आणि तू ती सोडलीस? धक्के बुडाले असते म्हणजे?”

“बुडाले असते,” इरास्टस म्हणाला.

“मग कशाला?”

त्यानं त्यांना सुझॅनाची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. आपलीच गंमत दुसऱ्याच्या तोंडून कशी ऐकली तेही. कुणी हसलं नाही, काहींनी टोप्या काढल्या, काही उठून गेले. तो हरला. फार नाही, पण हरला. त्या वर्षी व्हिग पक्षच सगळीकडे झोपला होता, हेही एक कारण. घरी आल्यावर थर्झा म्हणाली, “मी तिथे असते तर तुला तेच म्हटलं असतं.” मग जरा थांबून म्हणाली, “पण आधी तुला दोन शिव्या दिल्या असत्या. दांड्यासाठी.”

तो पुन्हा लिलाव पुकारू लागला. गाईंचे दात मात्र त्यानं पुन्हा कधी दाखवले नाहीत. गिऱ्हाईक स्वतःच वाकून बघे.

धक्के पुढल्या सप्टेंबरात पुरे झाले. जाड ओंडक्यांच्या भल्यामोठ्या पेट्या, आत दगड ठासलेले, एकापुढे एक वाळूतून थेट खोल पाण्यात गेलेल्या. उद्घाटनाला अर्थातच काँग्रेसवर निवडून आलेले जज्ज व्हॅन ऑल्स्टाइन. त्यांनी इरास्टसला पहिल्या रांगेत बसवलं आणि कानात म्हणाले, “आणलेस तू, भाषण माझं. याला राजकारण म्हणतात.”

“लांब नका करू.”

“तीनच पानं आहेत.”

पहिल्या पानालाच वारा उठला. दुसऱ्या पानाला तो एवढा वाढला की जज्जसाहेबांची टोपी गेली आणि मग पानंही गेली. बायकांनी शाली सावरल्या. क्षितिजावर काळं आभाळ जमत होतं, आणि त्या आभाळातून अर्धी शिडं फाटलेलं एक गलबत सरळ गावाकडे येत होतं. ओळखीचं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ऑस्वेगोकडचं दिसतंय, त्याला इथला दांडा माहीत नसणार. दुसरं म्हणालं, दांडा कुठे आहे आता. तरी सगळे धक्क्याच्या कडेला धावले. जज्जसाहेबही धावले, गलमिशा उडवत. लाटा पेट्यांवर आपटत होत्या आणि फेस माणसांच्या डोक्यावरून जात होता. इरास्टस दोन्ही हातांनी लाकडी खुंटाला धरून उभा होता आणि त्याच्या तोंडातून, कुणालाही ऐकू न येईल असं काहीतरी, त्याच्या जुन्या वेगानं सारखं बाहेर पडत होतं.

गलबत उचललं गेलं, वाकलं, आणि दोन धक्क्यांच्या मधे शिरलं. तिथे पाणी सपाट होतं. इतकं सपाट की गलबताला स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखं ते हळू झालं आणि नदीत जाऊन उभं राहिलं. लोक ओरडत होते, एकमेकांच्या पाठीवर बुक्के मारत होते. जज्जसाहेबांनी इरास्टसला मिठी मारली आणि लगेच कॉलर सारखी केली.

थर्झा कुणाला न विचारता फळीवरून सरळ गलबतावर चढली. खालच्या केबिनमध्ये कप्तानाची बायको चुलीवरचं भांडं दोन्ही हातांनी धरून बसलेली होती, डोळे मिटलेले.

“आत आलात तुम्ही,” थर्झा तिला म्हणाली.

बाईनं डोळे उघडले. भांड्यात डोकावून पाहिलं. “कधी?” ती म्हणाली. “मला कळलंच नाही.”

थर्झानं तिच्या हातातून भांडं घेतलं आणि वर बघून इरास्टसला हाक मारली की बशा घेऊन ये, इथे नऊ माणसं आहेत आणि सगळी भुकेली आहेत.